पाडव्याआधी घर आवरताना: ठाण्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत लिफ्टमध्ये एकच विषय निघतो: "झालं का घर आवरून?" विचारणारीच्या चेहऱ्यावरूनच कळतं की तिचंही झालेलं नाही. मार्च महिनाच तसा धावपळीचा. घरात कुणाची तरी परीक्षा, ऑफिसात वर्षअखेर, त्यात पाडवा तोंडावर. नौपाड्यात आईच्या जुन्या इमारतीत आणि इथे आमच्या मजल्यावर गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. दोन खोल्यांच्या घरात, नोकरी आणि मुलं सांभाळून जेवढं खरंच जमतं, तेवढंच लिहिलं आहे.

सुरुवातच होत नाही. कुठून करू?

गुढीच्या सामानापासून करा. काठी, तांब्या, पाट, वर बांधायचं रेशमी वस्त्र. एवढ्या चार गोष्टी शोधा, पुसा आणि एका जागी ठेवा. या कामाला तारीख आहे, शेवट आहे आणि ते अर्ध्या तासात होतं. काठी बहुतेक माळ्यावर असते. वर चढाल तेव्हा फक्त काठी काढा. "आता चढलेच आहे तर" असं म्हणून दुसऱ्या कशालाही हात लावू नका. माळ्याची पाळी पुढे येणार आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पुसून, धुऊन आपण तेवढं थकत नाही जेवढं ठरवून थकतो. हे ठेवू की देऊन टाकू, याचं झाकण कुठे गेलं, ही बिलं अजून लागतील का, हा कुर्ता पुन्हा अंगात बसेल का. एका कपाटात असे शेकडो निर्णय दडलेले असतात आणि आपण ते एका हातात ओलं फडकं धरून घ्यायला जातो. मग दुपारचे तीन वाजतात, पलंगभर पसारा पडलेला असतो आणि रडू येतं. म्हणून ठरवायचा दिवस वेगळा ठेवा, पुसायचा वेगळा. मंगळवारी कपाटातलं काय जाणार ते बाजूला काढलं, की बुधवारी कपाट पुसायला वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पाडव्यापर्यंत सगळं घर होईल का?

नाही होणार, आणि व्हायची गरजही नाही. होळी पौर्णिमेला, पाडवा चैत्र प्रतिपदेला. मध्ये जेमतेम पंधरा दिवस मिळतात. त्यातही पहिला दिवस धुळवडीचा. त्याआधी लादी घासून ठेवलीत तर दारातून रंगाचे पाय येणारच.

माझ्या मते या साफसफाईची खरी शेवटची तारीख पाऊस आहे. आपल्याकडे तो साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तोपर्यंत हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, ऊन कडक असतं, गाद्या वाळतात, कपाटं उघडी ठेवता येतात. जुलैत ठाण्याच्या दमट हवेत ओलं पुसलेलं कपाट बंद केलं तर आठ दिवसांत बुरशी धरते. तेव्हा पाडव्याआधी दिवाणखाना, देवघर, ओटा आणि गुढी जिथे उभारणार ती खिडकी किंवा बाल्कनी एवढं करा. बाकीचं एप्रिल-मेवर टाका. तसंही आपल्या घरांतली मोठी झाडझूड नवरात्राच्या आधी होते, पावसाने जे केलं ते निस्तरायला. आत्ताची सफाई त्या पावसाच्या तयारीची.

रोज किती वेळ द्यायचा?

चाळीस मिनिटं. त्यातली शेवटची दहा फक्त वस्तू जागेवर ठेवायला. मोबाइलवर गजर लावा. गजर झाला की थांबा, अंगात जोर असला तरी थांबा. जोर आहे म्हणून पुढे गेलेला दिवस दुसऱ्या दिवशीचं काम खातो, हे मी स्वतः दरवर्षी अनुभवलं आहे. आणि संपूर्ण कपाट कधीच रिकामं करू नका. एक खण काढा, तो पूर्ण करा, मग दुसरा. रात्री झोपताना पलंग मोकळा असला पाहिजे, हा आमच्या घरात आता नियमच आहे.

झाडायचं आधी की पुसायचं? काहीतरी क्रम सांगा.

वरून खाली, आणि आधी कोरडं मग ओलं. जळमटं, पंखा, कपाटांचे माथे, खिडक्या, फर्निचर, सगळ्यात शेवटी लादी. धुळीवर थेट ओलं फडकं फिरवलं की तिचा चिखल होतो आणि भिंतीवर कायमचे ओघळ राहतात. आमच्याकडे मेट्रो ४ चं काम कित्येक वर्षं चालू आहे, शिवाय घोडबंदर रोडला अवजड गाड्यांची वर्दळ, त्यामुळे खिडक्यांवर बसणारी धूळ काळपट आणि थोडी तेलकट असते. ती आधी कोरड्या ब्रशने काढावी, मग साबणाच्या कोमट पाण्याने पुसावी.

पंख्याला जुना अभ्रा वापरा. बटण बंद करा, पात्यावर अभ्रा मोज्यासारखा चढवा आणि दाबून ओढा. धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. सरकत्या खिडक्यांच्या खाचांत जुना टूथब्रश चालतो. त्या खाचांना बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात आणि पावसाळ्यात पाणी घरात येतं. झाडूच्या काडीने ती मोकळी करा.

खिडकीची बाहेरची काच पुसायला ग्रिलवर चढू नका, बाहेर वाकू नका. चौदाव्या मजल्यावर तर नाहीच नाही. लांब दांड्याचा वायपर जिथवर पोचेल तिथवर, उरलेली काच राहू द्या.

स्वयंपाकघर बघूनच धडकी भरते. तिथे काय करू?

धडकी भरणं साहजिक आहे, कारण या घरातली सगळ्यात जास्त कामं तिथेच होतात. पण स्वयंपाकघराला एक नैसर्गिक वेळापत्रक असतं, ते वापरा. मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या येतात, मसाला कुटायचा असतो, वर्षाचा गहू-तांदूळ भरायचा असतो, कुणी वाशीच्या एपीएमसी बाजारातून पोतं आणतं, कुणी गावाहून मागवतं. नवीन येण्याआधी डबे रिकामे व्हायलाच हवेत. म्हणून आत्ता पंधरा दिवस किराणा कमी आणा आणि घरात आहे ते संपवा. तळाशी उरलेल्या चार-पाच डाळी एकत्र भिजवून एकदा अडई (मिश्र डाळींचे जाडसर डोसे) करा, रव्याचा सांजा, पोह्यांचा चिवडा. डबे आपोआप रिकामे होतात आणि टाकायला फार कमी उरतं. धुतलेले डबे झाकण काढून उन्हात पालथे घाला, पूर्ण कोरडे झाल्यावरच भरा. थोडी ओल राहिली तरी रव्यात अळ्या आणि पिठात गुठळ्या ठरलेल्या.

चिमणीच्या जाळ्या बऱ्याच जणी धुण्याच्या सोड्यात भिजवतात. जाळी स्टीलची असेल तर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा अगदी उत्तम, तेल सुटून येतं. ॲल्युमिनियमची असेल तर हे करू नका. सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं आणि खरवडलं जातं. तिला भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी पुरतं.

ओटा कडप्प्याचा असेल, लादी शहाबादी किंवा संगमरवरी असेल, तर लिंबू आणि व्हिनेगर लांब ठेवा. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, आंबट लागलं की चकाकी जाते आणि पांढरट डाग उठतात. ते डाग पुसून जात नाहीत, पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइट त्या मानाने सोसतो. उलट नळावर आणि शॉवरवर जो पांढरा थर बसतो, टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे जास्तच, तो क्षारांचाच असतो, आणि तिथे मात्र व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं की तो सहज सुटतो. एकाच बाटलीने सगळं घर पुसायला जाऊ नका.

शेगडी हलवाल तेव्हा मागची गॅसची नळी बघा. तिच्यावर साल छापलेलं असतं. या सुरक्षा नळीचं आयुष्य साधारण ५ वर्षांचं. तडे दिसले तर त्याआधीही बदला. या सगळ्या साफसफाईत मला हे दोन मिनिटांचं काम सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

बाथरूमसाठी कोणतं लिक्विड चांगलं?

कोणतंही घ्या, पण एका वेळी एकच. तीन वर्षांपूर्वी मी टाइल्सवरचे डाग जात नाहीत म्हणून टॉयलेट क्लीनर ओतलं, आणि ते नीट न धुताच वरून ब्लीच टाकलं. दार लोटलेलं, खिडकी बंद. क्षणात घशात आग झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दार उघडून बाहेर पळाले म्हणून वाचले, खोकला पुढे दोन दिवस टिकला. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते ब्लीचला मिळालं की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर एकत्र आलं तरी विषारी वायू होतो. आपली बाथरूम लहान, हवा खेळत नाही, त्यामुळे धोका मोठा. ब्लीच वापरायचं तर साध्या थंड पाण्यात, एकटं, खिडकी उघडी ठेवून आणि एक्झॉस्ट लावून.

आणखी एक, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर फेस खूप येतो म्हणून लोकांना वाटतं स्वच्छता खूप होते. दोन्ही एकमेकांचा परिणाम मारून टाकतात. डाग घासायला सोडा वापरा, क्षार काढायला व्हिनेगर, वेगवेगळे.

माळ्यावर दहा वर्षांचं सामान आहे. ते कसं काढू?

एकटीने नाही आणि एका दिवसात नाही. खाली शिडी धरायला कुणीतरी हवं, नाक-तोंड बांधलेलं हवं, आणि दमा असलेल्या माणसाने त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावं.

एका रविवारी फक्त दोन खोकी उतरवा. खोकं उघडायच्या आधी स्वतःला विचारा की यात काय आहे ते मला आठवतं का. आठवत नसेल तर त्यातल्या वस्तूंशिवाय तुमचं वर्षानुवर्षं अडलेलं नाही. मिक्सरचं रिकामं खोकं, जुन्या टीव्हीचं थर्माकोल, मुलांची पहिली सायकल, लग्नात आलेले आणि कधी न उघडलेले डिनर सेट. थर्माकोल आणि खोकी सरळ काढून टाका. डिनर सेट खाली आणा आणि रोज वापरा. चांगल्या ताटांनी वर्षानुवर्षं माळ्यावर कशाची वाट बघायची?

काही खोकी मात्र वेगळी असतात. आई गेल्यावर तिच्या साड्यांची पेटी आम्ही चार वर्षं उघडली नव्हती. दर पाडव्याला ती पेटी दिसायची आणि माझी सगळी साफसफाई तिथेच अडायची. शेवटी बहिणीला बोलावलं, एक दुपार फक्त त्या पेटीला दिली, दुसरं काही केलं नाही. सहा साड्या आम्ही दोघींनी ठेवल्या, दोन जुन्या मऊ सुती साड्यांची गोधडी शिवून घेतली, बाकीच्या आईला ओळखणाऱ्या बायकांना एकेक दिल्या. आता त्यातली एखादी कुणी नेसलेली दिसते तेव्हा बरं वाटतं. अशी पेटी तुमच्याकडे असेल तर ती साफसफाईच्या यादीत घालूच नका. तिला वेगळा दिवस आणि सोबत कुणीतरी हवं. यंदा जमलं नाही तर पेटी पुसून परत ठेवा, त्यात काही चूक नाही.

देवघरातली भांडी आणि जुन्या तसबिरींचं काय करायचं?

तांब्या-पितळेला चिंच नाहीतर लिंबू-मीठ. आंबटपणा वरचा काळा थर विरघळवतो. घासून झालं की लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, ओलं राहिलं तर तासाभरात पुन्हा डाग दिसतात. गुढीचा तांब्या आदल्या दिवशीच घासावा, आठवडाभर आधी नाही.

चांदीला टूथपेस्ट लावू नका, ती खरवडते. पातेल्यात तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, वर चांदीची भांडी, एक मोठा चमचा खायचा सोडा आणि कडकडीत पाणी. पाच मिनिटांत काळेपणा फॉइलवर उतरतो. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळी झाक ठेवलेल्या वस्तू यात घालू नका.

भंगलेल्या तसबिरी पिंपळाच्या पारावर ठेवून येणं मला पटत नाही. पावसात त्यांचे जे हाल होतात ते बघवत नाहीत, आणि काच कुणाच्या तरी पायात जाते. घरीच नमस्कार करून काच आणि चौकट वेगळी करा. चौकट पुन्हा वापरता येते, काच कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात देता येते. कागदाचं चित्र पाण्यात भिजवून त्याचा लगदा कुंडीतल्या मातीत मिसळा. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींनाही ही पद्धत पटली आहे.

गाद्या, रजया, लोकरीचे कपडे?

मार्चचं ऊन हेच औषध. गाद्या दोन-तीन तास दोन्ही बाजूंनी तापवा. धुळीतल्या बारीक किड्यांना ओलावा लागतो, तो गेला की ते टिकत नाहीत. गच्चीची किल्ली मिळत नसेल तर खिडकीतून ऊन येतं त्या तासात गादी भिंतीला उभी करा. चादरी-अभ्रे कापडाला सोसत असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

डांबर गोळ्यांबद्दल मात्र काळजीने सांगते. लहान बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत त्या ठेवू नका. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ उतरणं अवघड होतं. बाळात ही कमतरता आहे हे बहुधा आधी कुणाला माहीत नसतं. कडुनिंबाची सुकलेली पानं ठेवा. पाडव्याला कडुनिंब घरात येतोच.

टाकायचं ठरलं ते कुठे द्यायचं?

घरातून त्याच दिवशी बाहेर काढा, हे पहिलं. दारामागे ठेवलेली पिशवी महिनाभर तिथेच राहते आणि हळूहळू त्यातल्या वस्तू परत कपाटात जातात. रद्दी, बाटल्या, भंगार रद्दीवाल्याकडे. चांगले कपडे धुऊन, बटणं लावून द्या. फाटके कुणाला देऊ नका, त्यांची फडकी करा. काही भागांत अजून बोहारीण येते, तिच्याकडे जुन्या साड्यांवर एखादं पातेलं मिळतं.

जुने मोबाइल, चार्जर, वायरी, बिघडलेला राउटर भंगारात घालू नका. तांबं काढायला त्या वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर कुणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे गेल्या पाहिजेत. सोसायटीने मिळून वर्षातून एकदा गोळा केल्या तर एक फेरी पुरते. मोबाइल देण्याआधी सिम काढा आणि आतलं सगळं पुसून टाका.

मुदत संपलेली औषधं, सीएफएल दिवे, बॅटऱ्या, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबे हा घरगुती घातक कचरा आहे. ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत, वर लिहून द्या.

सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. काय करावं?

त्यांच्या वस्तूंना हात न लावणं हाच माझा सल्ला. ज्या पिढीने एकेक स्टीलचा डबा पैसे साठवून घेतला, तिला तो अडगळ वाटणार नाही. त्यांचं कपाट त्यांनाच लावू द्या, तुम्ही शेजारी बसून पुसून द्या. गप्पांत त्या स्वतःच चार गोष्टी काढून देतात, आणि प्रत्येक वस्तूची गोष्ट ऐकायला मिळते. परस्पर टाकलेली एक किसणी पुढची दहा वर्षं घरात निघत राहते.

नवरा आणि मुलं यांना "मदत करा" असं म्हणू नका, नेमकं काम द्या. "पंखे तुझे, रविवारी अकराच्या आत." दहावीचं मूल असेल तर पेपर संपेपर्यंत त्याला आणि त्याच्या टेबलाला सोडून द्या.

कामाला येणाऱ्या ताईंकडून करून घ्यावं का?

जरूर, पण वेगळे पैसे ठरवून, आधी सांगून. पंखे, खिडक्या, माळा हे रोजच्या कामात बसत नाही. त्यांच्या घरीही पाडवा असतो, म्हणून आदल्या दोन दिवसांत काम काढू नका. आणि ज्या खिडकीवर चढायला तुम्ही घाबरता तिथे त्यांनाही चढवू नका.

पडदे धुवायचे आहेत, पण पाणी?

पाणी बंदचा दिवस आणि त्याच्या नंतरचा दिवस सोडा. एका आठवड्यात एकाच खोलीचे पडदे धुवा. शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत धरून बाल्कनी धुवायला घ्या.

यंदा घरात आजारपण आहे. काहीच होणार नाही असं वाटतंय.

मग ओटा आणि आजारी माणसाची खोली, एवढंच. दारात रांगोळी, गुढीला तांब्या. बाकी दारं लोटून घ्या. येणारी माणसं तुम्हाला भेटायला येतात. कुणी "काही करू का?" विचारलं तर संकोच न करता एक काम सांगा, लोक खरंच मनापासून विचारतात.

गुढी उतरवल्यावर सगळं पुन्हा माळ्यावर टाकायचं का?

सूर्यास्ताआधी गुढी उतरवली की तांब्या कोरडा करून देवघराखाली ठेवा, वस्त्र एक दिवस हवेवर राहू द्या, मग घडी घाला. काठी मात्र पुन्हा माळ्यावर चढवू नका. आमची आता बेडरूमच्या दारामागे दोन हुकांवर उभी असते.